मागच्या दारानं हळदीकुंकू

एका गावात एक बाई राहत होती, आणि तिच्या अंगणात एका तुळशीवाचून काही म्हणजे काही नव्हतं. पान नव्हतं, काडी नव्हती, कोंबडीचं पीसही नव्हतं. होती ती फक्त चोपून सारवलेली जमीन. गावातल्या बायका म्हणायच्या, द्वारकेच्या अंगणात झाडाचं पान गळलं, तर ते जमिनीला टेकायच्या आधी केरसुणीला टेकतं. द्वारका हे ऐकायची आणि मनातल्या मनात खूश व्हायची. माणसाला कशाचा तरी अभिमान लागतोच. कुणाला शेताचा, कुणाला लेकाचा, हिला केरसुणीचा.

तिचा नवरा सुतार होता. तो घरी असला की मात्र तिचं काही चालायचं नाही. ओसरीत बसून तो रंधा मारायचा आणि लाकडाची पातळ, वेटोळी सालपटं घरभर उडायची. डाळीत सापडायची, अंथरुणात सापडायची, पाच वर्षांच्या बकुळेच्या वेणीत सापडायची. द्वारका करवादायची, सुतार हसायचा, आणि बकुळा तीच सालपटं डूल म्हणून कानांत अडकवून गावभर बडबडत फिरायची.

होळी झाली आणि सुताराला दूरच्या शहरात एका देवळाचं लाकूडकाम मिळालं. तो पावसाळ्याच्या तोंडाशी परतणार होता. तो गेला त्याच दुपारी द्वारकेनं पदर खोचला आणि ओसरी अशी काही झाडली, की तिथं कधी सुतार बसत होता हे कुणाला शपथेवर सांगूनही पटलं नसतं. आढ्याला बांधलेली त्याची कंदील टांगायची दोरी तेवढी लोंबत राहिली, कारण तिथवर हात पोचत नव्हता.

त्या दिवसापासून बकुळा बोलेनाशी झाली.

जेव म्हटलं की जेवायची, नीज म्हटलं की निजायची. पण हसणं नाही, रुसणं नाही, हट्ट नाही. द्वारकेनं मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, गावदेवीला नारळ ठेवला, गुळाच्या पोळ्या केल्या. पोळी खाऊन बकुळा पुन्हा आपली पायरीवर जाऊन बसली. "बाबांची आठवण येते का गं?" असं विचारलं की ती आईकडे टक लावून बघायची आणि मग तोंड फिरवायची. त्या बघण्याचा अर्थ द्वारकेला लागत नसे. आठवण येते म्हणावं, तर पोर रडत का नाही? रागावली म्हणावं, तर मी हिचं काय वाईट केलं? द्वारकेचा जीव तीळतीळ तुटायचा, आणि जीव तुटला की ती आणखी जोरात झाडायची.

त्यात गावात गालगुंडाची साथ आली आणि बालवाडीला कुलूप लागलं. बालवाडीच्या बाई मोठ्या कळकळीच्या. मुलं घरी कोमेजून जातील म्हणून त्या घरोघर फिरल्या आणि कुंपणाबाहेर उभं राहून प्रत्येक आईला अभ्यास सांगून गेल्या.

"द्वारकाबाई, रोज सकाळी बकुळेला घेऊन अंगणात बसायचं. पाखरं येतील. त्यातलं एक बकुळेला आपलं म्हणू दे. ते काय करतं, कुठं जातं, हे तिनं बघायचं आणि तुम्हाला दाखवायचं."

"बरं. आणि मी काय करायचं?"

"तुम्ही काही नाही करायचं."

"काही नाही म्हणजे काय?"

"म्हणजे काहीच नाही. तिच्या शेजारी बसायचं."

द्वारका कोड्यात पडली. "पण बाई, ते काही नाही करायचं कसं?"

बाईंना हसू आलं, पण बकुळेचा मिटलेला चेहरा बघून त्या गंभीर झाल्या. "पोरीचं मन बरं होईल यानं. बघा, बोलायला लागेल." एवढं म्हणून त्या पुढच्या घराकडे गेल्या.

बोलायला लागेल! द्वारकेनं एवढंच मनात धरलं आणि बाकीचं सोडून दिलं. पाखरू यायला हवं, म्हणजे पोर बोलेल. आणि पाखरू म्हणजे पाहुणाच की. पाहुणा यायचा तर आधी घर नको का आवरायला?

दुसऱ्या दिवशी पहाटेच तिनं अंगण दोनदा झाडलं. ताजा सडा घातला. दोन पंखांची ठसठशीत रांगोळी काढली. घासूनपुसून आरशासारख्या केलेल्या ताटात आंबेमोहोर तांदूळ मांडले, शेजारी तांब्याभर गार पाणी ठेवलं. बकुळेला नवा परकर नेसवून पायरीवर बसवलं आणि स्वतः हातात केरसुणी घेऊन उभी राहिली, पाखरांनी काही सांडलं तर चटकन लोटायला.

एक पाखरू आलं नाही.

शेजारी कोंडाबाईचं अंगण होतं. त्याला अंगण म्हणणं हाच कोंडाबाईवर उपकार. तिथं फुटक्या माठात मोरीचं पाणी साचलेलं, कुंपणावर वाळलेल्या दोडक्याचा वेल, कोपऱ्यात पाचोळ्याचा ढीग. आणि त्या ढिगात सातभाई पक्षी घोळक्यानं कलकलाट करत पानं उलटीपालटी करत होते. माठाच्या काठावर बुलबुल. वेलावर चिमण्या. द्वारका बघतच राहिली.

"कोंडाबाई, तुम्ही काय घालता हो पाखरांना?"

"मी? मला माझ्या पोरांना घालायला सवड नाही, पाखरांना कुठली घालू?"

"मग ती येतात कशी तुमच्याकडं?"

"येतात म्हणजे काय, ती जातच नाहीत," कोंडाबाई म्हणाली आणि कपाळावर हात मारून घरात गेली.

द्वारकेचं डोकं चक्रावलं. न घालणारीकडं पाखरांची जत्रा आणि घालणारीकडं सामसूम! हा कुठला न्याय? तिला वाटलं, तांदूळ आवडत नसतील. तिनं बाजरी ठेवली. मग फुटाणे ठेवले. मग एक दिवस चिवडा ठेवला, त्यातल्या मिरच्या वेचून. चिवड्याला एक कावळा आला. त्याला तिनं "हे कसलं मेलं पाखरू, दिसायला तरी बरं हवं" म्हणत हाकललं. मग तिला शंका आली की आपण उभ्या असतो म्हणून पाखरं बिचकत असतील, म्हणून ती दाराआड लपली. पण दाराआडून ताटातला एक दाणा बाहेर पडलेला दिसला, आणि तिला राहवेना. ती धावत येऊन तो उचलून गेली.

त्यातच आणखी एक कोडं उभं राहिलं. रोज सकाळी तुळशीच्या कट्ट्यावर लाकडाचं एक वेटोळं सालपट पडलेलं असायचं. सुताराला जाऊन किती दिवस झाले, ओसरी लख्ख आहे, मग हे येतं कुठून? वाऱ्यानं म्हणावं तर वारा नाही. उंदीर म्हणावं तर तिच्या घरी यायला उंदराला लाज वाटली असती. ती पुटपुटत ते झाडून टाकायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक.

बकुळा मात्र पायरीवर बसायची ती अंगणाकडं पाठ करून. तोंड ओसरीकडं, मान वर. आंबेमोहोराकडं बघायची नाही, की रांगोळीकडं नाही.

"अगं, पाखरं तिकडून यायची आहेत. इकडं काय बघतेस?"

बकुळेनं बोट वर केलं. द्वारकेनं वर बघितलं आणि तिच्या काळजात धस्स झालं. कंदिलाच्या दोरीच्या टोकाला जळमट! तेही साधंसुधं नाही. वाळकी पानं, कोळ्याचं जाळं, कापसाचे तंतू, कसलासा चोथा, सगळं एकमेकांत गुंतून वीतभर लोंबकळत होतं. तिच्या ओसरीत! कुणी पाहिलं असेल का? लाजेनं तिचे कान तापले.

"बरं झालं दाखवलंस," ती म्हणाली. लांब काठीला केरसुणी बांधून तिनं एका फटक्यात ते जळमट खाली पाडलं, सुपलीत भरलं आणि उकिरड्यावर टाकून आली.

परत येऊन बघते तर बकुळा पायरीवर नव्हती. घरात भिंतीकडं तोंड करून पडली होती. त्या दिवशी ती जेवली नाही. जेव म्हटल्यावरही जेवली नाही, हे पहिल्यांदाच घडलं. द्वारकेनं कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. गालगुंड म्हणावं तर गाल सुजले नव्हते. "काय झालं ते सांग की गं माझ्या बाई," ती काकुळतीला येऊन म्हणाली. तिला रडू फुटलं. आपण एवढं सगळं करतो, जे जे सुचेल ते करतो, आणि जितकं करावं तितकी पोर हातातून निसटत जाते, याचं काय कारण असावं, हे त्या बिचारीला काही केल्या समजेना.

दिवस गेले. साथ ओसरली. चैत्रगौरीचं हळदीकुंकू आलं. ते दर वर्षी द्वारकेकडं असायचं, कारण तिच्यासारखं चैत्रांगण पंचक्रोशीत कुणी काढत नसे, आणि तिच्या ओसरीत बसलं की बायकांना आपल्या घरची लाज वाटायची. दुसऱ्या दिवशी बालवाडी उघडणार होती. बाईही हळदीकुंकवाला यायच्या होत्या आणि येता येता प्रत्येक घरच्या पाखराची चौकशी करणार होत्या. पाखराच्या नावानं द्वारकेकडं काय होतं? एक हाकललेला कावळा.

कैरीची डाळ वाटून झाली, पन्हं झालं, गौर सजली. या गडबडीत आठवडाभर तिनं मान वर केली नव्हती. दुपार कलली तशी ती सगळ्यावर शेवटची नजर टाकायला ओसरीत आली, आणि जागच्या जागी थिजली.

त्याच दोरीला, त्याच टोकाला, तसंच जळमट. उलट आधीपेक्षा मोठं. अगदी समोरच्या दारात, येणाऱ्या बाईच्या पहिल्यांदा नजरेत भरेल असं.

"अगंबाई, आता येतील की सगळ्या!" तिनं धावत जाऊन काठी आणली.

बकुळा उठली. तिनं आईच्या हातातली काठी धरली नाही, पदर धरला. आरडाओरडा केला नाही. फक्त पदर ओढून ओढून आईला पायरीपाशी आणलं, आणि पायरीवर हात थोपटला. बस.

"बकू, वेळ नाही गं आत्ता."

बकुळेनं पुन्हा पायरीवर हात थोपटला. इतक्या दिवसांत पोरीनं पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. वेशीकडून बायकांच्या बोलण्याचा आवाज येऊ लागला होता. जळमट काढायला एक फटका पुरे होता. द्वारकेनं वर बघितलं, पोरीकडं बघितलं, आणि काहीच कळत नव्हतं तरी काठी आडवी ठेवून ती बसली. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या पायरीवर ती पहिल्यांदाच बसत होती.

काही घडलं नाही. तिच्या हाताला मुंग्या यायला लागल्या. काहीतरी करावं म्हणून ती पायरीवरची नसलेली धूळ बोटानं पुसू लागली. बकुळेनं तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि धरून ठेवला.

मग एक चिमुकलं पाखरू आलं. मुठीत घेतलं तर मूठही भरली नसती. रंग पिवळट, मळकट, चोच बाकदार आणि सुईसारखी. असल्या पाखराला बाजारात कुणी फुकटही घेतलं नसतं. चोचीत कोळ्याच्या जाळ्याचा एक धागा होता. ते थेट जळमटापाशी गेलं, धागा त्याच्याभोवती गुंडाळला, आणि बाजूच्या एका भोकातून आत शिरलं. आतून जळमट हललं. भोकातून ती सुईसारखी चोच बाहेर डोकावली.

ते जळमट नव्हतंच. त्याला दार होतं, दारावर इवलासा छज्जा होता. आणि ज्या पाखरासाठी ती इतके दिवस चिवड्यातल्या मिरच्या वेचत होती, ते तिच्याच दारात घर बांधत होतं. एकदा तिनं ते घर उकिरड्यावर टाकलं होतं, तरी.

तेवढ्यात तिला त्या घरट्यात आणखी काही दिसलं. पानं आणि जाळ्यांच्या मधून लाकडाचं एक पातळ, वेटोळं सालपट बाहेर आलं होतं. त्याच्या वरती आणखी एक. तिच्या केरसुणीच्या आधी पाखरानं उचललेली.

"बकू... ही सालपटं तू ठेवायचीस तुळशीपाशी?"

बकुळेनं मान डोलावली. मग ती बोलली. आवाज वापरात नसल्यासारखा खरखरीत झाला होता. "माझ्याकडं थोडीच होती. डबीत. तू बाबांचं सगळं झाडून टाकलंस." तिनं वर बोट केलं. "हिनं ठेवलं."

पोरीच्या त्या टक लावून बघण्याचा अर्थ द्वारकेला आता लागला, आणि तो फार झोंबला. तिनं बकुळेला पोटाशी धरलं आणि ती हमसून हमसून रडली. "चुकलं गं माझं," ती म्हणाली. "मला वाटलं मी केर काढतेय."

बायका कुंपणाशी आल्या होत्या. नटूनथटून, हातात ओटीचं सामान, पुढं बाई. आता द्वारकेला ठरवायचं होतं. एवढ्या बायका त्या दारातून गेल्या, हसल्या, बांगड्या वाजल्या, की पाखरू घर सोडून जाणार. आणि त्यांना तिथंच थोपवलं तर ज्या ओसरीचा तोरा मिरवला ती कुणाला दिसणार नाही. चैत्रांगण कुणी जवळून बघणार नाही. दारातलं ते लोंबकळणं मात्र सगळ्यांना दिसेल.

तिनं डोळे पुसले, उठून कुंपणापाशी गेली आणि म्हणाली, "बायांनो, आज मागच्या दारानं या."

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. मागच्या दारानं? हळदीकुंकवाला? तिकडं धुण्याचा दगड, तिकडं मोरी, तिकडं राखेचा ढीग. "कुणी गेलंय का गं हिच्याकडचं?" एक कुजबुजली. "अगं, तिच्या दारात जळमट बघ केवढं!" दुसरी म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून खुदकन हसली. ते द्वारकेला ऐकू आलं. तिचे कान पुन्हा तापले, पण ती कुंपणापासून हलली नाही.

"हसा हवं तर," ती म्हणाली, "पण हळू हसा."

साड्या वर धरून, धुण्याचे दगड चुकवत सगळ्या बायका मागच्या दारानं आत आल्या. कोंडाबाईला तेवढं काही वेगळं वाटलं नाही. ती आपल्या घरात असल्यासारखी राखेच्या ढिगाला वळसा घालून आली, आणि काय प्रकार आहे ते कळल्यावर म्हणाली, "काखेत कळसा नि गावाला वळसा! आणि मला विचारत होतीस होय, काय घालता म्हणून?"

हळदीकुंकू लावून झालं तसं बाईंनी विचारलं, "मग द्वारकाबाई, तुमचं पाखरू कोणतं?"

"मला नाही माहीत," द्वारका म्हणाली. "मी नुसती बसले होते. बकुळेला विचारा."

आणि बकुळेनं सांगायला सुरुवात केली. पाखरू सकाळी आधी जास्वंदीवर जातं. मग कोंडाबाईच्या कुंपणावरून जाळी आणतं, कारण आपल्याकडं जाळी नसतात. ते घर बांधतं ती आई असते, बाबा काळा आणि चमकता असतो, तो तारेवर बसून नुसता ओरडतो. आधीचं घर पडलं तेव्हा तिनं थोडा वेळ इकडंतिकडं बघितलं आणि मग पहिला धागा आणला. बकुळा बोलत राहिली. बाई म्हणाल्या, "याला शिंजीर म्हणतात," पण बकुळेनं मान हलवून तेही आपल्या सांगण्यात घेतलं आणि पुढं गेली. पन्हं कोमट झालं, डाळीला पाणी सुटलं, आणि द्वारका भिंतीला टेकून लेकीचा आवाज ऐकत राहिली. तिला वाटलं, हा आवाज कधी थांबूच नये.

मग द्वारकेनं झाडणं सोडलं का? छे! स्वभावाला औषध नसतं. ती आजही पहाटे उठून झाडते. पण केर सुपलीत भरण्याआधी थांबते आणि हाक मारते, "बकू, यातलं काही ठेवायचंय का गं?" पावसाळ्याच्या तोंडाशी सुतार घरी आला, तर त्याला कुणी समोरच्या दारानं आत येऊ देईना. घरट्यात पिल्लं होती. तो राखेचा ढीग ओलांडून मागच्या दारानं आला, आणि त्याच्या गळ्यात पडून बकुळेनं पहिल्यांदा काय केलं असेल, तर त्याच्या तोंडावर हात ठेवला, की बाबा, हळू.

तात्पर्य: मुलाच्या मनात काय चाललंय हे कळेनासं झालं, की आणखी काही करायला धावू नये. हातातलं खाली ठेवून त्याच्या शेजारी बसावं, आणि ते जिकडं बघतंय तिकडं बघावं.